सेलूत कोणी भूपेंद्र राहत नाही

महादेवराव पत्तीवारांचा मुलगा फौजेत अफसर झाला, तेव्हा सेलूच्या बाजाराला हसावं की रडावं ते कळलं नाही. पत्तीवारांच्या घराण्यात त्याआधी कोणी तराजूपेक्षा जड हत्यार उचललं नव्हतं. फौजेनेही माणूस बरोबर ओळखला. भूपेंद्रला बंदूक शिकवली, आणि मग रसद खात्यात टाकला. म्हणजे जवानांना तांदूळ, डाळ, तेल, मीठ पोचवायचं. बाजाराने सुटकेचा निःश्वास टाकला. किराण्याचा पोरगा किराण्यातच राहिला होता, फक्त गिऱ्हाईक मोठं झालं होतं.

कारगिलच्या लढाईनंतर तो सुट्टीवर आला, तेव्हा चौकात लोकांनी विचारलं, "काय केलं जी तुमी तिकडं?"

"कांदे पोचवले," तो म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढं मोठं गुपित असेल, असं कोणाला वाटलं नव्हतं.

फौजेत जायचं भूपेंद्रचं कारण मात्र वेगळं होतं. लहानपणापासून त्याने पाहिलं होतं की बाबूजींचं, म्हणजे महादेवरावांचं, कोणतंही काम सरळ होत नाही. दाखला पाहिजे, ओळख काढ. एसटीत जागा पाहिजे, कंडक्टरचा साळा शोध. शाळेत भूपेंद्र गणितात पहिला आला, त्या वर्षी गणिताच्या मास्तरांकडे गुळाची अख्खी भेली गेली होती. मार्क आपले की भेलीचे, हे त्याला कधीच कळलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण मास्तरांनाही ते नक्की सांगता आलं नसतं. म्हणून त्याने अशी नोकरी शोधली, जिथपर्यंत सेलूची भेली पोचत नाही.

आणि खरंच, तिथपर्यंत ती पोचली नाही. लेफ्टनंटपासून कर्नलपर्यंत तो आपल्या हिमतीवर चढला. पुढची पायरी ब्रिगेडियरची. त्यासाठी दिल्लीत मोठ्या अफसरांचं मंडळ बसतं, आणि त्यांच्यासमोर नाव झाकलेली फाइल जाते. कोणाचा कोण, काही कळत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी भूपेंद्रचा देवावर विश्वास बसला होता.

पण त्या मंडळाने त्याची फाइल दोन वेळा पाहून बाजूला ठेवली होती. तिसरी खेप शेवटची. या वेळी नाही, तर कर्नल म्हणूनच घरी. घरी म्हणजे सेलू, सेलू म्हणजे दुकान, आणि दुकान म्हणजे उरलेला जन्म लोकांचं ऐकणं, की साहेब, तिकडं नाई जमलं वाटते.

सन दोन हजारचा पोळा होऊन गेला होता. मंडळ बसायला थोडेच दिवस होते. भूपेंद्र सुट्टीवर आला होता. बायको रीना पोरांच्या शाळेमुळे छावणीतच राहिली होती. पहिल्याच दिवशी बहीण अंजू आणि तिचा नवरा ओमप्रकाश जेवायला आले. ओमप्रकाशचं सेलूतच बियाण्या-खताचं दुकान होतं, आणि सासऱ्यावर, म्हणजे आपल्या मामाजींवर, त्याची भलतीच माया होती.

"कर्नलसाहेब, पेढा घ्या," ओमप्रकाश म्हणाला. "तुमचं काम झालं."

"कोणतं काम?"

"प्रमोशनचं! मामाजी सोता गेलते. मी होतो, चंद्रभानजी होते, सारा बाजार होता. मेटॅडोर करून गेलतो वर्ध्याले. रूपरावजीच्या हातात अर्ज देला. सह्या पाहून माणूस बेहोश व्हान."

चंद्रभानजी म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य. सेलूत कोणाचंही काम अडलं की ते मध्ये पडत. रूपरावजी हे एके काळचे राज्यमंत्री. कशाचे, ते आता कोणाला आठवत नव्हतं. पण दिल्लीत त्यांचं वजन आहे, असं ते स्वतः सांगत, आणि त्यांच्या शरीराकडे पाहून लोकांना पटत असे.

भूपेंद्रचा घास हातातच राहिला. "अर्जात काय लिहिलं?"

"काऊन? बरोबरच लिवलं," महादेवराव म्हणाले. "का आमचा भूपेंद्र होतकरू आहे, निर्व्यसनी आहे, गरीब घरचा आहे."

"गरीब?"

"अर्जात गरीबच लिवा लागते. आन शेवटी लिवलं, का एक वेळ त्याले ब्रिगेडियर करून पाहा. पसंत नाई पडला तं वापस घेऊ."

"बाबूजी!"

"इमानदारीचा धंदा आहे आपला."

भूपेंद्रने ताट सरकवलं. फौजेत बाहेरचा दबाव आणणं हा गुन्हा समजतात, त्याने सांगितलं. अशी चिठ्ठी आली, की ती अफसरानेच आणवली असं धरतात. मग त्याची फाइल झाकलेली असो की उघडी, तिचा निकाल लागलेला असतो.

ओमप्रकाशने पेढ्यांचा डबा हळूच मिटला. मग महादेवरावांनी काळजीने विचारलं, "मंग तुमच्यात कामं होते कसे?"

"आपोआप होतात."

"आपोआप तं गाजरगवत वाढते, बाबू."

"हा पयलेपासूनच असा भोळा आहे," त्याची आई देवकाबाई अंजूला म्हणाल्या, आणि त्यांनी पोराच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

*

सकाळी भूपेंद्र वर्ध्याला निघाला. चंद्रभानजी न बोलावता त्याच्या भाड्याच्या जीपमध्ये येऊन बसले. ओळख करून द्यायला माणूस लागतोच, ते म्हणाले. भूपेंद्र म्हणाला, मी ओळख तोडायला चाललो आहे. चंद्रभानजी म्हणाले, त्यालेही माणूस लागते.

रूपरावजींच्या बंगल्यावर दरबार भरला होता. भूपेंद्र आत शिरताच रूपरावजी उठून उभे राहिले, सोबत सगळा दरबार उठला. तर्री-पोह्यांची बशी समोर आली. भूपेंद्र नको म्हणाला, म्हणून त्यात अजून पोहे पडले. पुन्हा नको म्हणाला, म्हणून वरून तर्री पडली. आमच्याकडे नको या शब्दाचा हाच अर्थ आहे. तो कोणीही दुसऱ्या अर्थाने वापरत नाही, आणि पंचवीस-तीस वर्षं बाहेर राहिल्यामुळे भूपेंद्र हे विसरला होता.

"साहेब, माझी एक विनंती आहे," तो म्हणाला. "माझ्यासाठी दिल्लीला काही लिहू नका."

रूपरावजींनी डोळे मिटले. मग ते दरबाराकडे वळून म्हणाले, "शिका लेकहो. याले म्हनते मागनं. तुमी येता आन सरळ हात पसरता."

"मी खरंच नको म्हणतो."

"बरोबर आहे. पोरगी पाहाले गेलं तं पोरगी पयल्या झटक्यात हो म्हनते काय?"

"साहेब, त्यानं माझं नुकसान होईल. तुमची चिठ्ठी गेली तर मी संपलो."

"चिठ्ठी तं गेली," रूपरावजी म्हणाले. "पण खरं सांगू? नरम होती. मले का माहीत तुमी इतके सज्जन आहा? आता तुमी सोता आले. आता कडक पाठवतो." त्यांनी पीएला हाक मारली. "लिव रे. सदर अधिकारी मला समक्ष भेटले. त्यांचा विनय पाहून माझे डोळे पाणावले."

त्या बंगल्यात भूपेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसापुढे हात जोडले. हात जोडून भागेना, तसा तो खाली वाकला आणि त्याने रूपरावजींचे पाय धरले. हजारो माणसांना बर्फात जेवू घालणारा माणूस, ज्याने कधी कोणाचं काही घेतलं नाही, तो म्हणत होता, "नका पाठवू, साहेब. तुमच्या पाया पडतो, नका पाठवू." नेमका तेव्हाच उजेड चमकला. रूपरावजींचा फोटोग्राफर पगारी होता. कोणीही वाकलं की त्याने बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'कर्नल पत्तीवार यांनी घेतले रूपरावजींचे शुभाशीर्वाद.' महादेवरावांनी तो कापून दुकानात काट्याच्या मागे चिकटवला. भूपेंद्रने काढला. ओमप्रकाशने दुसरा आणून चिकटवला. त्याने गठ्ठाच घेऊन ठेवला होता.

*

फोन दुकानावर आला. भूपेंद्रचे वरिष्ठ बोलत होते, एक मेजर जनरल. भूपेंद्रवर त्यांचा जीव होता. तो गल्ल्याशेजारी सावधान उभा राहिला. तूरडाळ घ्यायला आलेली आनंदाबाईही पाहून ताठ झाली.

"पत्ती, ये रूपराव कौन है?"

भूपेंद्रने काट्यामागच्या फोटोकडे पाहिलं.

"दिल्ली से पूछा जा रहा है. एक चिट्ठी आई है, फिर एक और. साथ में पब्लिक की अर्जी है. उसमें माल वापस लेने की बात लिखी है. मैं तीन बार पढ़ चुका हूँ, समझ में नहीं आई."

"सर, मैं समझा सकता हूँ."

"मत समझाओ," पलीकडून आवाज हळू झाला. "सुनो. एक लाइन लिखकर भेज दो. अर्जदारों को मैं नहीं जानता, मेरा इनसे कोई संबंध नहीं. बस. फाइल बंद हो जाएगी. सब यही लिखते हैं."

"सर, पहला दस्तखत..."

"पहला दस्तखत किसी महादेवराव पत्तीवार का है. सरनेम इत्तफाक भी हो सकता है. मैंने अपनी तरफ से इत्तफाक मान लिया है. अब तुम मान लो. और हाँ, हो सकता है कोई वहाँ पूछने भी आ जाए."

फोन ठेवल्यावर भूपेंद्र तेलाच्या पिंपावर बसला. समोर बाबूजी पुडा बांधत होते. सुतळीला गाठ मारून त्यांनी आनंदाबाईला पुडा दिला आणि विचारलं, "काय म्हनते साहेब?"

तो काय करावं ते न कळून सगळं खरं सांगून बसला.

महादेवरावांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. एवढंच ना! धंद्यात हे रोज करावं लागतं. इन्स्पेक्टर आला की बाजारात कोणी कोणाला ओळखत नाही. सख्ख्या भावाची दुकानं लागून असतात आणि दोघंही म्हणतात, शेजारी कोण आहे काही कल्पना नाही.

"लिवून दे," ते म्हणाले. "मी तुले ओळखत नाई, तू मले ओळखू नको. आजपासून."

"बाबूजी, हे खोटं आहे. मी आजवर एक ओळ खोटी लिहिली नाही."

"मंग लिवाले वेळ लागन. बस, पाणी पी."

संध्याकाळी घरात बैठक बसली. चंद्रभानजींनी कायदा सांगितला. ज्यांच्या सह्या अर्जावर आहेत, त्यांनी भूपेंद्रला ओळखायचं नाही. ज्यांच्या नाहीत, त्यांना मोकळीक. सह्या सगळ्या पुरुषांच्या होत्या. म्हणजे देवकाबाई आपल्या मुलाला ओळखू शकत होत्या.

देवकाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "म्हंजे पोरगा माहा आहे," त्या म्हणाल्या, "आन बाप कोण ते मालूम नाई?"

चंद्रभानजी खोकले.

"या वयात मले हे दिवस दाखवता काय रे? सत्तरीच्या वर गेलो मी. देवळात कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मामीजी, कागदावर फक्त..." ओमप्रकाश म्हणाला.

"कागद गेला चुलीत. त्यापरीस मी बी नाई ओळखत. कोण आहे हा पोट्टा? काऊन बसला माह्या घरात?" असं म्हणून त्या लसूण तसाच टाकून आत गेल्या.

"मी तं राखी बांधतो याले," अंजू म्हणाली. "आता काय अनोळखी माणसाले बांधू?"

"अनोळखी माणसालेच बांधा लागते," ओमप्रकाश म्हणाला. "ओळखीच्याले कायले पाह्यजे संरक्षण?" तो घाबरला की असं काहीतरी बोलत असे.

*

आता आमच्या सेलूचा एक गुण सांगितला पाहिजे. गाव कोणतंही काम अर्धं करत नाही. दुसऱ्या सकाळी भूपेंद्र दाढी करायला गेला, तर न्हाव्याने त्याच्या गळ्याला कापड गुंडाळून विचारलं, "कोण्या गावचे जी?"

"रमेश, मी आहे. आपण एका बाकावर होतो."

"असन," न्हावी म्हणाला, "मले बाकाचं नाई आठवत." आणि आरशात त्याने भूपेंद्रला असा डोळा मारला, की वस्तरा गालावर लागला.

चहाच्या टपरीवर त्याला नव्या माणसाला देतात तसा पातळ चहा मिळाला. गणिताचे मास्तर काठी टेकत येत होते. त्याला पाहून ते जागच्या जागी वळले आणि ज्या घरात शिरले, ते त्यांचं नव्हतं. घरातून बायका ओरडल्या. तरी ते बाहेर आले नाहीत. ओमप्रकाशने काट्यामागचा फोटो पेपरच्या गठ्ठ्यात टाकला आणि वर रॉकेल ओतून गठ्ठा पेटवला. धूर झाला, तसे लोक धावून आले, आणि कशाचा धूर, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कोणत्याच कर्नलचा नाई."

त्या दिवसांत भूपेंद्र घरात परका माणूस म्हणून राहिला. देवकाबाई त्याला पाहुण्याच्या ताटात वाढत. महादेवराव त्याला 'तुम्ही' म्हणत. परक्या माणसाने कुठे निजावं, यावर चर्चा होऊन त्याची खाट ओसरीवर काढण्यात आली. तो एकदा म्हणाला, की घरात तरी बंद करा, इथे कोण पाहतं? महादेवराव म्हणाले, "सवय लागा लागते. उद्या कोणी पुसलं आन तोंडातून बाबू निंगालं तं?"

आणि उद्या खरंच कोणी पुसलं.

दुपारी बाजारात फौजेची हिरवी जीप येऊन उभी राहिली. एक सुभेदार खाली उतरला. सेलूचा अख्खा बाजार श्वास रोखून उभा राहिला. भूपेंद्र पायजमा घालून दुकानाच्या फळीवर बसला होता. तो आपोआप उभा राहिला, आणि तितक्यात बाबूजींनी त्याच्या हातात रिकामं पोतं दिलं. तो ते झटकू लागला.

"भाईसाब," सुभेदाराने विचारलं, "हिंगणी का रास्ता कौनसा है? बोर डैम जाना था."

टपरीवाल्याने स्टो बंद केला. मग चंद्रभानजी पुढे झाले. सगळ्या गावाचा भार त्यांच्यावर होता. ते मोठ्याने म्हणाले, "हम किसी भूपेंद्र को नहीं जानते."

"जी?"

"यहाँ कोई भूपेंद्र नहीं रहता. कभी नहीं रहा."

"हम भी नहीं जानते," टपरीवाला म्हणाला. न्हावी कैची घेऊन बाहेर आला होता. तो म्हणाला, "बाल भी नहीं काटे."

सुभेदाराने सगळ्यांकडे पाहिलं. "कौन भूपेंद्र?" त्याने हळूच विचारलं.

"यही तो हम कह रहे हैं," चंद्रभानजी म्हणाले.

सुभेदाराची नजर फिरत फिरत पोतं झटकणाऱ्या माणसावर आली. पन्नाशीचा गडी, केस बारीक कापलेले, पाठ सरळ, पोतं झटकायची पद्धत कवायतीसारखी. सुभेदार थोडा वेळ पाहत राहिला. त्याचा हात कपाळाकडे जायला उचलला गेला. भूपेंद्रने मान नाही अशी हलवली, इतकी थोडी, की ती फक्त फौजी माणसालाच कळावी. सुभेदाराने हात खाली घेतला, टोपी नीट केली, आणि स्वतःच पाटी शोधून हिंगणीच्या रस्त्याला लागला.

जीप गेल्यावर बाजारात टाळ्या वाजल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पोतं तसंच धरून भूपेंद्र आत गेला आणि साखरेच्या थप्पीआड उभा राहून रडला. वर्दीतला माणूस त्याच्या गावात आला होता आणि त्याला सलाम घेता आला नव्हता. आणखी वाईट म्हणजे, बाजाराने ते त्याच्यासाठी केलं होतं. ज्याच्यावर ओरडावं, असा एकही माणूस त्याला दिसत नव्हता.

दिवेलागणीला महादेवराव कागद आणि पेन घेऊन आले.

"लिव."

"नाही लिहिणार. झालं ब्रिगेडियर होऊन."

"खोटं लिवाचं म्हनून अडला ना? खोटं नाई ते." महादेवराव त्याच्याजवळ पोत्यावर बसले. "मी तुले ओळखतो काय? मिसरूड फुटलं आन गेला तू. मंग सुट्टीत आला तं पाहुणा. सांग बरं, मले तुह्या आवडीची भाजी मालूम आहे? तुह्या मायले असन, मले नाई. तू तिकडं कोणाशी भांडतो, कोणाशी बोलतो, रात्री झोप लागते का नाई, मले मालूम नाई. ज्या माणसाबद्दल यातलं काही मालूम नसन, त्याले ओळखीचा म्हनते काय? लिव. खरंच आहे ते."

भूपेंद्रने पेनाचं टोपण काढलं. त्याच्या मनात आलं, की सांगावं, बाबूजी, मला तुमच्या हातची कच्च्या चिवड्याची पुडी आवडते. पण ती भाजी नव्हती. आणि बाबूजींचा मुद्दा मोडायचा, तर मंडळ आठवड्याभरात बसणार होतं, आणि कागद त्याआधी पोचायला हवा होता.

त्याने ती ओळ लिहिली. अर्जदारांना मी ओळखत नाही. माझा त्यांच्याशी कोणताही संबंध नाही. खाली सही केली. महादेवरावांनी कागद उजेडात धरून वाचला, आणि पोस्टात टाकायला स्वतः घेऊन गेले.

*

भूपेंद्र ब्रिगेडियर झाला.

फाइल बंद झाली होती, मंडळाने त्याला निवडलं होतं. स्वतःच्या गुणावर, की दुसऱ्यांदा पाठवलेल्या कडक चिठ्ठीवर, की बापाला नाकारणाऱ्या त्या ओळीवर, हे कोणी सांगितलं नाही. रूपरावजींनी मात्र वर्ध्यात पेढे वाटले. मेजर जनरलसाहेबांचा अभिनंदनाचा फोन आला आणि त्याने तो उभ्याने ऐकला. मग तो बराच वेळ उभाच होता, कारण बसायला काही कारण सापडत नव्हतं.

थंडीत कामानिमित्त नागपूरला आला, तेव्हा परवानगी काढून सरकारी गाडीतूनच तो सेलूला गेला. गाडीवर एक तारा होता, झेंडा होता. बाबूजींना तो पाहायचा होता, हे त्याला माहीत होतं. चौकात गाडी थांबली. न्हाव्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली. टपरीवाल्याने पातळ चहा ओतायला घेतला. ओमप्रकाश खताच्या दुकानातून बाहेर आला, त्याला पाहिलं, डोळे भरून आले, आणि आत जाऊन शटर खाली ओढलं.

भूपेंद्र दुकानासमोर उभा राहिला. वर्दी, गळ्याशी लाल पट्टी, खांद्यावर नवे तारे.

महादेवराव खाली मान घालून काटा पुसत होते. "काय पाह्यजे, साहेब?"

"बाबूजी, मी आहे."

"इथं सारे मीच म्हनते. काय देऊ?"

"झालं आता सगळं. बोर्ड झालं, प्रमोशन झालं. आता कसली भीती?"

महादेवरावांनी इकडे तिकडे पाहिलं. मग काट्यावर वाकून अगदी हळू विचारलं, "याच्या पुढं काय असते तुमच्यात?"

"पुढं?"

"ब्रिगेडियरच्या पुढं."

"मेजर जनरल."

"मंग?" महादेवराव म्हणाले. "लिवून देलेला कागद त्याच फाइलीत राह्यते ना? त्या वेळी काढतीन, तं?" आणि मोठ्या आवाजात, "साहेब, मागं गिऱ्हाइकं उभे आहेत."

मागे खरंच दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"तांदूळ द्या," भूपेंद्र म्हणाला.

महादेवरावांनी तांदूळ तोलला. काटा स्थिर होईना. "नवीन आहे. चांगला मोकळा होते," ते म्हणाले. "कोठी असता साहेब, सध्या?"

भूपेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. मग सांगितलं, कुठे असतो ते. थंडी फार आहे तिकडे.

"जेवण येळेवर करत जा," महादेवराव पुडा बांधत म्हणाले. "गिऱ्हाइकाले आपण सांगतोच असं. अजून काय?"

"तूरडाळ."

डाळ तोलताना बाबूजींनी विचारलं, घरी कोण कोण असतं. तो म्हणाला, बायको, दोन पोरं. मोठा बारावीत. तेल काढताना विचारलं, रात्री झोप लागते का. तो म्हणाला, नाही. पोह्यांना विचारलं, काऊन नाही. शेंगदाण्यांना त्याने सांगितलं, काऊन ते. मागच्या बायका कुरकुरल्या. ड्रायव्हर पुडे गाडीत नेऊन ठेवू लागला. मागच्या पडद्याआडून देवकाबाईंचा आवाज आला, "गिऱ्हाइकाले म्हना, उन्हात नोको उभा राहू, सावलीत सरक." तो सावलीत सरकला.

"त्यांची तब्येत कशी आहे?" त्याने पडद्याकडे पाहून विचारलं.

महादेवरावांनी फडकं उचलून काटा पुसायला घेतला. काट्यावर माल नव्हता.

"साबण," भूपेंद्र घाईघाईने म्हणाला. "साबण द्या. आणि मिरची. पाव किलो नको, पाच किलो द्या."

म्हातारा वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढू लागला, सावकाश, एक पाय, मग दुसरा, आणि चढता चढता सांगू लागला की घरच्यांचे गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणतो वर्ध्याला दाखवा.